जस्ताची मिउरा

१९६८च्या जानेवारीत ब्रुसेल्सच्या मोटार प्रदर्शनात बेर्तोने या इटालियन बॉडी-कारखान्याच्या स्टँडवर फिकट आकाशी रंगाची एक गाडी उभी होती. रंगात धातूची चमक, आत पांढुरकं चामडं, पायाखाली लालभडक गालिचा. गाडीला छत नव्हतं. कुठे घडी घालून ठेवलेलं कापडी छतही नव्हतं. दारांना काचा नव्हत्या. पाऊस आला तर काय करायचं, हा प्रश्न विचारायचाच नाही असं ठरवून ती घडवलेली होती. सीटांच्या मागे बाराही सिलिंडरांचं इंजिन उघड्यावर दिसत होतं. ही लॅम्बोर्गिनी मिउरा रोडस्टर. बेर्तोनेने अशी एकच केली.

गेली काही वर्षं मी या एका गाडीच्या फोटोंच्या, लेखांच्या, जुन्या नोंदींच्या मागे आहे. मोटारींचे शौकीन सहसा जिंकलेल्या शर्यती आणि लिलावातले आकडे सांगतात. ही गाडी एकही शर्यत धावलेली नाही. मला ती खेचून घेते ती तिच्या आयुष्यातल्या मधल्या वर्षांमुळे, आणि ती वर्षं नंतर ज्या रीतीने पुसली गेली त्यामुळे.

आधी साध्या मिउराबद्दल सांगायला हवं. फेरुचो लॅम्बोर्गिनी हा ट्रॅक्टर विकून श्रीमंत झालेला शेतकऱ्याचा मुलगा. १९६३ साली त्याने बोलोन्याजवळच्या सांतागाता गावात मोटारींचा कारखाना काढला. शर्यतींवर पैसा घालवायचा नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. त्याच्या कारखान्यातले जानपाओलो दल्लारा, पाओलो स्तांझानी आणि न्यूझीलंडहून आलेला बॉब वॉलेस, तिघेही तिशीच्या आतले, यांच्या डोक्यात मात्र शर्यतीचीच गाडी घोळत होती. कामाची वेळ संपल्यावर ते तिघं एका चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, खपत राहिले. इंजिन सीटांच्या मागे, आणि तेही आडवं. मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत इंजिन-गियरबॉक्स एकाच पेटीत आडवे बसवत, ती कल्पना त्यांनी बारा सिलिंडरांना लावली. इंजिन आणि गियरबॉक्स एकाच ओतीव कवचात, दोघांना तेलही एकच.

१९६५च्या नोव्हेंबरात तोरिनोच्या प्रदर्शनात त्यांनी ही नुसती चासी मांडली. वर बॉडी नाही, सीट नाहीत. भोकं पाडून हलका केलेला पातळ पत्रा आणि त्यात आडवं इंजिन. लोकांनी त्या सांगाड्यापाशी गर्दी केली. नुच्चो बेर्तोनेने बॉडीचं काम उचललं आणि ते मार्चेल्लो गांदिनी या सत्तावीस वर्षांच्या पोराकडे सोपवलं. पुढच्या मार्चमध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी उभी राहिली. ३९२९ सीसी, ३५० अश्वशक्ती. मिउरा हे नाव झुंजीचे बैल पाळणाऱ्या एका स्पॅनिश घराण्याचं. १९७३ पर्यंत अशा साडेसातशेहून थोड्या जास्त गाड्या निघाल्या.

मी एक मिउरा प्रत्यक्ष पाहिली आहे, सांतागाताच्या संग्रहालयात. फोटोंतून तिची उंची कळत नाही. माझ्या कमरेच्या जरा वर तिचं छत येत होतं. दिव्यांभोवतीच्या त्या पापण्यांसारख्या पट्ट्या, दाराच्या मागच्या कडेला लपवलेल्या हवेच्या झडपा. कुठेही घाई नाही, आणि तरी सगळं काही महिन्यांत झालेलं. मी तिच्याभोवती फिरत राहिले, आणि बरोबरच्या माणसांना माझी वाट पाहावी लागली.

तिच्या खोडीही तितक्याच खऱ्या आहेत. वेग वाढला की पुढची बाजू उचलल्यासारखी होते. इंजिन पाठीशी असल्याने आत भट्टी. इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या वेबर कार्बोरेटरांतून गळलेलं पेट्रोल पेटून बऱ्याच मिउरा जळाल्या. आणि चौथी खोड गंज. साठच्या दशकातला इटालियन पत्रा, तोही वजन वाचवायला पातळ केलेला, कोपऱ्याकोपऱ्यांत पाणी धरणारा. मिउरा कामाला काढली की पहिला शत्रू गंजच. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

रोडस्टर म्हणजे मिउराचं छत कापलं आणि झालं, असं नाही. छत गेलं की गाडीचं कणखरपण जातं. मग खालचा सांगाडा मजबूत करावा लागतो. समोरची काच जास्त कलती केली. नेहमीच्या मिउरात काही बटणं चालकाच्या डोक्यावर, छतात असतात. छतच नाही म्हटल्यावर ती डॅशबोर्डवर आणली. मागची झडपांची काळी जाळी काढून टाकली आणि इंजिन उघडं ठेवलं. मागचा भाग, दिवे, शेपटीची कड हे सगळं वेगळं आखलं. गांदिनीची सर्वांत मोकळी रेघ कोणती असं मला कुणी विचारलं तर मी याच गाडीकडे बोट दाखवीन. पण कंपनीने ती उत्पादनात घेतली नाही.

प्रदर्शनासाठी केलेल्या अशा एकट्या गाड्यांचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. काही मोडल्या जातात, काहींचं इंजिन दुसरीकडे जातं, काही कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये धूळ खात पडतात. ज्या बेर्तोनेने आपल्या अनेक प्रदर्शन-गाड्या जिवापाड सांभाळल्या, त्यांच्यावरही पुढे दिवाळखोरीची वेळ आली. २०११ साली कोमो सरोवराकाठच्या लिलावात त्यांच्या संग्रहातल्या सहा गाड्या गेल्या, आणि उरलेला संग्रह २०१५ साली इटलीतल्या जुन्या मोटारींच्या महासंघाने एकगठ्ठा विकत घेतला म्हणून वाचला. आकाशी रोडस्टर मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधी बाहेर पडली होती, आणि तिला बाहेर काढणारी माणसं मोटारींच्या जगातली नव्हतीच.

इंटरनॅशनल लेड झिंक रिसर्च ऑर्गनायझेशन ही न्यूयॉर्कमधली संस्था शिसं आणि जस्त यांच्या नव्या उपयोगांवर संशोधन करायची आणि त्यांचा प्रसारही करायची. तिने ही गाडी घेतली. कारण असं की त्या काळच्या मोटारीत जस्त जागोजागी होतं आणि ते कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. दाराच्या कड्या, काच खालीवर करायचे दांडे, समोरच्या जाळ्या, नावाची अक्षरं हे सगळं ओतीव जस्ताचं, वर क्रोमचा मुलामा. दुसरीकडून प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम हे बाजार काबीज करायला निघाले होते. जस्तवाल्यांना जगातली सर्वांत देखणी गाडी घेऊन दाखवायचं होतं की बघा, आमच्या धातूचं काय काय होऊ शकतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढले. वडिलांचं ओतकामाशी नातं होतं, त्यामुळे हा भाग वाचताना माझा जीव त्यात गुंतला. जस्त ४१९ अंशांच्या आसपास वितळतं. अॅल्युमिनियमला ६६० लागतात. जस्त पातळ वाहतं, साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यात शिरतं, धारदार कडा उतरवतं, आणि भट्टी कमी तापवावी लागत असल्याने साचाही जास्त काळ टिकतो. आणि जस्ताचा दुसरा गुण तर आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. जस्ती पत्र्याचं छप्पर, जस्ताची बादली. लोखंडावर जस्ताचा थर असला की हवापाणी आधी जस्ताला खातं. थर थोडा ओरखडला तरी शेजारचं जस्त झिजत राहतं आणि लोखंडाला सांभाळतं. मिउरासारख्या गंजणाऱ्या गाडीला हा धातू भेटावा, यात मला एक न्याय वाटतो.

१९६९ साली गाडीचं रूपांतर पूर्ण झालं. आकाशी रंग गेला आणि वर चमकदार हिरवा चढला. डॅशबोर्डपासून इंजिनावरच्या भागांपर्यंत जिथे जिथे शक्य तिथे जस्ताचे, जस्ताच्या मिश्रधातूंचे किंवा जस्तावर क्रोम चढवलेले भाग आले. काही नव्याने आखलेले, काही जुन्यावर मुलामा दिलेले. नावही बदललं : झेडएन-७५. रसायनशास्त्रात जस्ताची खूण झेडएन, म्हणून. मग ही हिरवी गाडी गावोगावच्या प्रदर्शनांत फिरली. अभियंत्यांपुढे, कारखानदारांपुढे उभी राहिली. बेर्तोनेच्या स्टँडवर तिला जेवढ्या लोकांनी पाहिलं असेल, त्याच्या कितीतरी पट लोकांनी तिला हिरव्या रंगात पाहिलं.

जुन्या मोटारींवर लिहिणारे बरेचजण या काळाबद्दल ओशाळून लिहितात. एक अप्रतिम गाडी धातूच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडली, त्यांनी तिची जाहिरातीची पाटी केली, असा सूर. मला तो सूर मान्य नाही. त्या संस्थेने ही गाडी विकत घेतली नसती तर ती आज असती की नाही, याची मला खात्री वाटत नाही. त्यांनी ती जपली, फिरवली, कामाला लावली. शिवाय त्या जस्ताच्या भागांवर कुणाचे तरी हात चालले होते. साचे कोरणारे, ओतणारे, घासणारे, चकाकी आणणारे कारागीर होते. गांदिनीच्या रेघेइतका तो हात मोठा नसेल, पण तोही एक हात होता. एका विशिष्ट काळातला उद्योग स्वतःबद्दल काय समजत होता आणि कशाला घाबरत होता, हे त्या हिरव्या गाडीवर वाचता येत होतं.

पुढचा प्रवास लवकर सांगते. १९८०च्या सुमारास संस्थेने ती बोस्टनच्या वाहतूक संग्रहालयाला देऊन टाकली. तिथून ती विक्रीला निघाली, एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि २००६ साली न्यूयॉर्कच्या एका बांधकाम व्यावसायिकाकडे आली. तोवर मिउराला सोन्याचे दिवस आले होते. त्याने ती कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला, बोबिलेफ यांच्या वर्कशॉपमध्ये पाठवली. लॅम्बोर्गिनीच्या कामात या वर्कशॉपचं नाव मोठं आहे. सूचना एकच होती : ब्रुसेल्सला होती तशी करा.

अशा कामाला किती विद्या लागते हे मला ठाऊक आहे आणि मी ते कमी लेखत नाही. कंपनीने हजारो केलेल्या गाडीचा भाग कुठून तरी मिळतो. जगात एकच असलेल्या गाडीचा भाग मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि घडवायला नकाशा नसेल तर जुन्या फोटोंतून मापं काढावी लागतात. रंगाचंही तसंच. त्या काळच्या रंगीत छपाईत निळा रंग दर मासिकात वेगळा दिसतो. चामड्याची शिवण, गालिच्याचा लाल, बटणांची जागा, दिव्यांची मांडणी हे सगळं तपासून तपासून ठरवावं लागतं. २००८च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचला, देखण्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेच्या हिरवळीवर गाडी आली तेव्हा ती पुन्हा आकाशी होती. लॅम्बोर्गिनींच्या गटात तिला दुसरा क्रमांक मिळाला. फोटो बघितले की डोळे निवतात.

आणि झेडएन-७५ संपली. ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातले थोडे दिवस आणि त्यानंतरचे काही महिने हे या गाडीचं आकाशी आयुष्य. हिरवी ती जवळजवळ अडतीस वर्षं होती. तिचं खरं रूप कोणतं, हे ठरवताना वर्षं मोजायची पद्धत नाही, हे मला कळतं. पण मग कशाने ठरवतात?

हा प्रश्न मी दुसऱ्या दोन गाड्यांना विचारून बघितला.

पहिली गाडीही मिउराच. चासी क्रमांक ३७८१. १९६८ साली हिरव्या रंगात, काळ्या आतल्या सजावटीसह कारखान्यातून बाहेर पडली आणि तोरिनोच्या प्रदर्शनात मांडली गेली. १९७४ साली एका जर्मन ग्राहकाने ती घेतली आणि सांतागाताला परत नेली : हिची मला शर्यतीच्या धाटणीची करून द्या. दीड वर्ष काम चाललं. रुंद चाकं, फुगवलेली मागची बाजू, मागे मोठा पंख. मिउरा एसव्हीआर असं तिचं नाव पडलं. १९७६ साली ती जपानला विकली गेली आणि तिथल्या पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढे लॅम्बोर्गिनी कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागाने, पोलो स्तोरिकोने, एकोणीस महिने खपून तिचं पुनरुज्जीवन केलं आणि २०१८ साली ती जपानमध्येच दाखवली. कंपनीने तिला १९६८च्या साध्या हिरव्या मिउरात परत नेलं नाही. १९७४च्या बदलांची जी टिपणं होती त्यांवरच काम केलं. कारखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडतानाचा कागद इथे फारसा उपयोगाचा नाही, असं त्यांनीच सांगितलं. पंखासकट, फुगीर चाककमानींसकट, बदललेली गाडी हीच खरी गाडी मानली.

दुसरी फेरारी. तिचा मालक इटालियन चित्रपट-दिग्दर्शक रोबेर्तो रोसेल्लिनी. १९५७ साली मुंबईतल्या त्याच्या मुक्कामाने आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ उठला होता, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. त्याच्या काही वर्षं आधी त्याने ३७५ एमएम ही साडेचार लिटरची शर्यतीची फेरारी घेतली. तिची बॉडी पिनिन फारिनाने केलेली, उघडी. नंतर रोसेल्लिनीने ती मोदेनाच्या सर्जो स्काल्येत्तीकडून पूर्णपणे नव्याने मढवून घेतली. आता ती बंद, लांब नाकाची, मागे काचेचं झाकण असलेली कूपे झाली. कालांतराने गाडी हातोहात फिरली, बरीच वर्षं फ्रान्समध्ये पडून होती. मायक्रोसॉफ्टच्या एका माजी अध्यक्षाने ती घेऊन तिचं काम करवलं, आणि २०१४ साली पेबल बीचला सर्वोच्च मान तिला मिळाला. फेरारीला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. तिचंही पहिलं रूप वेगळंच होतं. पिनिन फारिनाची उघडी बॉडी परत चढवा, असं कुणी म्हटलं का? माझ्या वाचनात तरी नाही. स्काल्येत्तीने केलेला बदल हा इतिहास ठरला.

म्हणजे जन्माच्या वेळचं रूप हेच खरं, असा नियम नाहीच. स्काल्येत्तीने बदललं तर ते ठेवायचं. कारखान्याने स्वतः बदललं तर ठेवायचं. धातूच्या व्यापाऱ्यांनी बदललं तर घासून काढायचं. कोणाच्या हाताला किंमत द्यायची, हे आधी ठरतं आणि मूळ रूप कोणतं ते मागाहून. रोडस्टरच्या मालकाने जे केलं ते त्याच्या पैशाने, त्याच्या प्रेमाने आणि उत्तम कारागिरीने केलं, हे मी नाकारत नाही. त्याची निवड ही निवड होती, एवढंच मला म्हणायचं आहे. ‘मूळ रूपात आणली’ असं लिहिलं की ती निवड दिसेनाशी होते.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत हे भांडण पूर्वीच झालं आहे. १९६४च्या व्हेनिसच्या सनदेत इमारतीवर वेगवेगळ्या काळांनी चढवलेल्या थरांचा मान राखावा, असं सांगितलेलं आहे. मोटारींसाठी तसाच दस्तऐवज यायला २०१२-१३ साल उजाडलं. फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने तोरिनोची सनद मंजूर केली. गाडी नेहमीच्या वापरात असताना तिच्यात झालेले बदल हे तिच्या भूतकाळाचे साक्षीदार आहेत, ते जपावेत, आणि पुनरुज्जीवन केलेली गाडी प्रत्येक तपशिलात कारखान्यातून निघाली तशी दिसायलाच हवी असं नाही, अशा अर्थाचं कलम तिच्यात आहे. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हिरवी मिउराच आठवली. सॅन डिएगोचं काम पूर्ण होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती.

दरम्यान बाजाराची हवाही पालटली. २०१५च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लिलावात, फ्रान्समधल्या एका जुन्या कोठारात सापडलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर विकली गेली. कधीकाळी नट अलँ दलाँ ती वापरत असे. कोठारात तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. लिलावात ती धुळीसकट मांडली आणि १ कोटी ६० लाख युरोंहून जास्त किंमत आली. त्या दिवसानंतर धूळ पुसावी की नाही यावर माणसं गंभीरपणे बोलू लागली. यात बाजाराचा वाटा किती आणि जाणिवेचा किती, कोण सांगणार? पण धूळ ठेवायची म्हणणाऱ्यांनी तरी झेडएन-७५ची बाजू घ्यावी, अशी माझी अपेक्षा आहे.

आमच्या कोल्हापुरात हा विषय माणसांना परका नाही. छत्रपतींची जुनी मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिच्याकडे बघायला तीन-तीन पिढ्या उभ्या असतात. ती काचेच्या पेटीत नाही, ती कामाला येते, म्हणून ती गावाची वाटते. आणि उद्यमनगरात आजही असे मेस्त्री आहेत की जे न मिळणारा भाग खरादावर कातून देतात, नाहीतर ओतून घेतात.

गेल्या वर्षी माझ्या चुलत भावाने, दादाने, आप्पाकाकांची फियाट कामाला काढली. १९६९ची डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी, गियर हँडलला. तीही इटलीचीच म्हणायची, परवान्यावर का होईना. आप्पाकाका गेल्यापासून ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तळाचा पत्रा पापडासारखा झाला होता. डेंटरने दारावरची पुट्टी उकरायला घेतली तेव्हा खालून रंग निघत गेले : वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा पांढरा, आणि अगदी तळाशी राखाडी. दादा म्हणाला, “मेस्त्री, कंपनीचा ओरिजनल रंग मारायचा.” मेस्त्रींनी पॉलिशपेपर खाली ठेवला आणि म्हणाले, “चार थर हाईत दादा. कंपनीचा ह्यो तळातला. पर तुमी बारकं हुता तवा निळीच हुती की. कंचा पायजेल सांगा.”

दादाला राखाडीच हवा होता. त्याने वाचलेलं सगळं त्याच बाजूचं होतं, आणि पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती न्यायची त्याची इच्छा आहे. मी निळ्याच्या बाजूने बोलले. मला आठवते ती फियाट निळीच आहे. मागच्या सीटवर आम्ही पाच पोरं, पुढच्या अखंड सीटवर आप्पाकाका, काकू आणि मधे हार्मोनियमची पेटी. पण मेस्त्रींचं बोलणं ऐकल्यावर निळ्याचा माझा हट्ट सैल झाला. माझी निळीही एका काळाचीच निवड होती. पहिला पांढरा माझ्या जन्माच्या आधीचा, आणि तो कुणी का मारून घेतला हे सांगायला आता घरात कुणी उरलेलं नाही. शेवटचा पांढरा आप्पाकाकांनी म्हातारपणी मारून घेतला, उन्हात आत कमी तापतं म्हणून.

खरा वाद डॅशबोर्डवर झाला. आप्पाकाकांनी काकूंसाठी तिथे एक छोटा पंखा बसवला होता. काकूंना गाडी लागायची. घाटात तो पंखा लावला की त्यांना बरं वाटायचं. पंखा कधीच बंद पडला, पण त्याचा स्क्रूचा कंस आणि वायर आत न्यायला पाडलेलं भोक अजून आहे. कडा ओबडधोबड आहेत, कारण भोक आप्पाकाकांनी घरी, हातड्रिलने पाडलेलं. दादाच्या हिशोबात ते भोक म्हणजे दोष, ते वेल्डिंगने भरून, घासून, वर रंग मारायचा. भोक बुजवून ती गाडी कुठल्या तारखेची होईल, हे मी त्याला विचारलं. १९६९ची म्हणावी तर तेव्हा आप्पाकाकांनी ती घेतलीही नव्हती. त्यांनी ती दुसऱ्या हाताने घेतली होती, मिरजेच्या एका डॉक्टरांकडून. मग मी त्याला हिरव्या मिउराची सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. त्याचं मत फारसं बदललं नाही, पण कामाचा क्रम बदलला.

आता ठरलंय ते असं. तळाचा पत्रा पूर्ण नवा, त्यात वाद नाही, कारण त्याशिवाय गाडी चालणारच नाही. इंजिन बोअरिंगला गेलंय. बाहेरून राखाडी रंग, दादाच्या मनासारखा. मात्र मागच्या डिकीच्या झाकणाची आतली बाजू खरवडायची नाही. तिथे चारही थर एका कोपऱ्यात दिसतात, ते तसेच ठेवून वर फक्त लॅकर मारायचं. डॅशबोर्डवरचा कंस आणि भोक राहणार. त्या मापाचा, बारा व्होल्टचा जुना पंखा मी शुक्रवार पेठेतल्या एका भंगारवाल्याकडे सांगून ठेवलाय. मिळाला की मेस्त्री तो उघडून, गुंडाळी नव्याने भरून देतो म्हणालेत. काकूंना अजून गाडी लागते.